सर्वपित्रीला मलप्रभेकाठी तर्पण, मदत हवी आहे

मंडळी, यंदा सर्वपित्री अमावास्येला आजोबा-पणजोबांचं तर्पण घरी न करता नदीवर करायचं बाबांच्या मनात आहे. खानापूरचा घाट बरा की असोग्याचं रामलिंगेश्वर? काका म्हणतात कणकुंबीला उगमावरच जाऊ, पण भाद्रपदात तिकडचा पाऊस म्हणजे दर्भ हातात टिकायचा नाही! बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा पायऱ्या निसरड्या असतात का तेही सांगा. काळे तीळ, जवाचं पीठ, पळी-ताम्हण आम्ही आणू. संकल्प मराठीत समजावून सांगणारे भटजी त्या दिवशी तिथे भेटतात, की आधी सांगून ठेवावं लागतं? आणि कावळ्याचं पान ठेवायला मोकळी जागा आहे ना? इथे बेळगावात टिळकवाडीत गच्चीवर दुपार टळली तरी कावळा फिरकत नाही, सगळे उपाशी.