तुरुंगातून बारावी आणि पुढे पदवी: सुरुवात कुठून करायची?

अबोली
धाकटा भाऊ मध्यवर्ती कारागृहात आहे. शिक्षा सात वर्षांची, दोन झाली. वय २४. दहावी पास, बारावी कला शाखेत दोन विषय राहिलेत. आता शिकायचं म्हणतोय. थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घ्यावी की आधी बारावी? बाहेरून मी काय करायचं? त्याला वकील व्हायचंय, ते होईल का?

शाईपेन
ताई, आधी बारावीच. बारावीशिवाय मिळवलेली पदवी पुढे नोकरीच्या पडताळणीत अडते.

नव्याने सगळे विषय द्यायची गरज नाही. राज्य मंडळाच्या पुनर्परीक्षार्थीला उत्तीर्ण विषयांची सूट मिळते, म्हणजे फक्त राहिलेले दोन पेपर. अर्ज त्याच्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयातूनच भरला जातो, त्यामुळे जुनी गुणपत्रिका घेऊन तिथे तुम्हालाच जावं लागेल. त्याच वेळी त्याने आतून अधीक्षकांच्या नावे परवानगीचा अर्ज द्यायचा. परीक्षा कुठे होणार, केंद्र आत की बाहेर पोलीस बंदोबस्तात, हे तुरुंग प्रशासनाला मंडळाशी पत्रव्यवहार करून ठरवावं लागतं. बंदोबस्ताला माणसं मिळाली नाहीत तर फॉर्म भरलेला असूनही पेपर बुडतो. म्हणून फॉर्म भरला त्याच आठवड्यात हा परवानगीचा अर्ज अधीक्षकांकडे जायला हवा. हॉल तिकिटाची वाट बघू नका.

पुस्तकं आत्ताच्या अभ्यासक्रमाची पाठवा, घरातली जुनी नकोत. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. छापून घेतलीत तर तारेची बांधणी आणि कडक पुठ्ठा टाळा, झडतीत अडकू शकतात.

फर्लोचा (शिक्षा चालू असताना मिळणाऱ्या रजेचा) अर्ज परीक्षेच्या महिन्याला धडकणार नाही, एवढं त्याला सांगून ठेवा. दुसऱ्या एखाद्या केसच्या तारखा चालू असतील तर वकिलांनाही वेळापत्रक द्या.

वाटाड्या
पदवीसाठी इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. मराठीतून लिहायचं असेल तर यशवंतराव चव्हाण सोयीचं. इग्नू तुरुंगातल्या अभ्यासकेंद्रांवरच्या बंद्यांना फी माफ करतं. त्या कारागृहात कोणाचं केंद्र आहे ते तुरुंगातल्या शिक्षकांना विचारा आणि त्यावरून ठरवा. केंद्र नसलेल्या विद्यापीठात नाव घातलं की पुस्तकं आणि स्वाध्याय दोन्ही रखडतात.

आता खरी अडचण ऐका. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो, त्याआधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा क्रमांक), आणि त्याला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर बंद पडलेला असेल तर सगळं तिथेच थांबतं. नंबर बदलायला बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे तो स्वतः आधार यंत्रासमोर हवा. कारागृहात आधार शिबिर कधी आहे ते आजच विचारून ठेवा.

दुसरं, नाव. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि कोर्टाच्या वॉरंटवर तिसरं, असं फार होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

वेळेचा हिशोब: इग्नूत एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा विषय १२० तासांचा, रोज दोन तास बसला तर साठ दिवस. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. सुरुवातीला सगळे विषय एकदम घेऊ नयेत. वाचन सकाळी, आणि संध्याकाळी बराक बंद झाल्यावर आत गोंगाट असतो तेव्हा स्वाध्याय उतरवणं, असं बसवता येतं. स्वाध्याय हातानेच लिहायचे असतात, त्यामुळे संगणक नसल्याने काही बिघडत नाही.

अर्जदार_नाही_वकील
वकिलीबद्दल. दूरशिक्षणाच्या एलएलबीवर सनद (वकिली करायचा परवाना) मिळत नाही, नियमित हजेरीचं कॉलेज लागतं. म्हणून आत बीए, सुटल्यावर तीन वर्षांची एलएलबी. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४अ नुसार नैतिक अधःपतनाच्या (चोरी, फसवणूक अशा) गुन्ह्यात शिक्षा झालेल्याची नोंदणी होत नाही, पण सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. एलएलबीलाच तीन वर्षं जातात, तेव्हा हा अडसर तोवर मागे पडलेला असतो. नोंदणीच्या अर्जात शिक्षा लपवू नये. खोटी माहिती देऊन घेतलेली सनद रद्द होते.

तरीही सुटल्यावर लगेच पोटापाण्याला काहीतरी हवंच. त्याच दिशेने जायचं तर मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा द्यावी. वकिलांकडे टायपिंगचं आणि मसुदे तयार करायचं काम मिळतं, कॉलेज सांभाळून करता येतं. सरकारी नोकरीवर मात्र आराखडा उभा करू नका, चारित्र्य पडताळणीत बहुतेक वेळा तिथेच थांबतं.

अबोली
आधारवरचा नंबर त्याचाच जुना आहे आणि सिम बंद आहे. दुसऱ्या कारागृहात बदली झाली तर प्रवेश जातो का?

वाटाड्या
मग आधारपासूनच सुरुवात करा, बारावीचा फॉर्म त्याला समांतर चालू दे. बदलीने प्रवेश जात नाही, अभ्यासकेंद्र बदलण्याचा अर्ज करावा लागतो. मात्र जुन्या केंद्रावर दिलेले स्वाध्याय नव्या ठिकाणी पोहोचतीलच असं नाही. दिले त्या दिवशीची सही-शिक्क्याची पोच घ्यायला सांगा, आणि शक्य असेल तर झेरॉक्स काढून तुरुंगातल्या भेटीच्या वेळी तुमच्याकडे घ्या.