जुन्या क्रशरची खण: तळ कसा चाचपायचा, गळ कुठं टाकायचा?

गळवाला

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला काळ्या दगडाची एक बंद खण आहे. खडी फोडायचा क्रशर मोडून नेलाय, काँक्रीटचे चौथरे तेवढे काठावर उरलेत. पाणी बारा महिने असतं, मे महिन्यात पुरुषभर खाली जातं. तीन बाजूंना उभा कडा आणि चौथ्या बाजूनं लॉरीचा जुना रस्ता सरळ पाण्यात उतरलाय. चिलापी (तिलापिया) उडताना दिसते, मरळ वर येऊन हवा घेते, म्हणजे मासा आहे हे नक्की. पण मधोमध टाकलेला गळ तासन्‌तास हलत नाही आणि कड्याजवळ टाकला की शिसं अडकून तंगूस (नायलॉनचा दोरा) तुटतो. खोली कशी मोजायची, आमिष किती खाली ठेवायचं, गळ कुठला बांधायचा आणि हा मासा खायला चालतो का, एवढं विचारालोय.

खडीमास्तर

दादा, आधी त्या खणीतनं दगड कसा काढला ते डोळ्यांसमोर आणा. सुरुंगाची खण पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाते. एक पायरी साधारण पाच-सहा मीटर उंच, माथ्यावर पोकलेन फिरेल एवढी रुंद. पाणी भरलं की या पायऱ्या बुडतात, म्हणून कड्याला लागून पहिल्या पावलालाच तीन पुरुष पाणी असतं. तळ्याला असतो तसा गाळाचा, गवताचा उथळ काठ इथं नाही.

उथळ जागा एकच, ती म्हणजे लॉरीची उतरण. भरलेला टिप्पर वर चढला पाहिजे म्हणून तिचा उतार साधारण दहाला एक ठेवतात. म्हणजे पाण्याच्या रेषेपासून तीस मीटर आत गेलात तरी खोली तीनच मीटर. तिथं ऊन तळाला पोचतं, दगडावर शेवाळ धरतं, किडे होतात, चिलापी घरटी उकरते, आणि तिच्या पिल्लांमागं मरळ येते. खणीतला खाणारा मासा बहुतेक या उतरणीवर आणि तिच्या दोन्ही कडांच्या खाली असतो. बाकीची खण म्हणजे नुसता हौद.

चिऱ्याच्या खणी वेगळ्या. त्या चौकोनी, सपाट तळाच्या आणि उथळ, वर जांभा पाणी झिरपवतो, त्यामुळे बऱ्याचशा उन्हाळ्यात आटतात. रंकाळासुद्धा मुळात दगडाची खणच, असं कोल्हापूरकर सांगतात, पण त्याला नाले येऊन मिळतात. तुमच्या खणीला पाऊस आणि दगडाच्या भेगांतला झिरपा एवढंच.

मधोमध गळ का हलत नाही? कडे उंच, त्यामुळे वारा पाण्याला लागत नाही आणि पाणी घुसळलं जात नाही. एप्रिल-मेमध्ये वरचे तीन-चार मीटर गरम असतात आणि त्याखाली एकदम गार थर. पानं, शेवाळ, मेलेला मासा खाली जाऊन सडतो, त्यात खालचा प्राणवायू संपतो, आणि वरून नवा येत नाही. तुमचं आमिष त्या मेलेल्या थरात जाऊन बसतंय. तपासायला सोपी युक्ती आहे. शिशाचा गोळा चाकूनं खरवडून चकचकीत करा, दोरीला बांधून तळाला रात्रभर ठेवा. काळा पडला तर खाली सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आहे, तिथं गळ टाकणं फुकट.

खोली मोजायला ट्यूब घेऊन पाण्यात उतरू नका, काठावरून होतं. पन्नास-साठ ग्रॅमच्या शिशाला वर मोठी गुळगुळीत कडी बसवा. तंगूस त्या कडीतून ओवून त्याच्या टोकाला चांगला मोठा बूच बांधा. फेकायचं, शिसं तळाला लागू द्यायचं, मग रीळ फिरवून बूच खाली ओढत शिशाला टेकवायचा. आता रिळावरून एकेक हात तंगूस सोडायचा आणि मोजायचं. बूच वर दिसला की थांबायचं. आठ हात सोडले तर खोली साधारण साडेतीन मीटर. एका जागेवरून पंख्यासारखं सात-आठ दिशांना फेकलं की उतरण कुठं संपते, पहिली पायरी कुठं तुटते, हे कागदावर काढता येतं. शिसं ओढताना खडखड लागलं तर खडी, मऊ जड लागलं तर क्रशरच्या डस्टचा गाळ. डस्टवर काही उगवत नाही, ती जागा सोडा.

अडकण्याचं कारण नुसता दगड नाही. बंद खणीत तारेचे दोर, ड्रिलचे रॉड, चाळणीच्या जाळ्या, पट्ट्याचे तुकडे पडलेले असतात, आणि बहुतेक चौथऱ्यांच्या बाजूच्या पाण्यात. तिकडे शिसं तळाला टेकवूच नका.

आणि हे नीट वाचा. कड्याच्या भोकातनं किंवा खडीतनं दोन रंगीत वायरी अथवा पिवळी-नारिंगी बारीक प्लास्टिकची नळी लोंबताना दिसली, किंवा पेन्सिलीएवढी जाड धातूची नळकांडी सापडली, तर ओढू नका, उचलू नका. ती सुरुंगाची न उडालेली कॅप (डिटोनेटर) असू शकते. भिजली म्हणजे मेली असं नसतं. लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.

मरळवेडा

मास्तरांनी जागा सांगितली, मी दोरा-गळाचं सांगतो.

चिलापीला ०.२० मिमीचा तंगूस, १० किंवा १२ नंबरचा गळ, पेनाएवढा बारीक तरंगा, आणि आमिष तळापासून वीतभर वर. उतरणीवर पाणी दीड मीटर असेल तिथून सुरुवात करा. गांडूळ चालतं, पण सगळी पोरंसोरं चिलापी त्याच्यावर तुटून पडते. जरा मोठा मासा हवा तर कणकेचा गोळा: दोन वाट्या कणीक, एक वाटी भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हळद, पाणी बेतानं. घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्यात ठेवा म्हणजे चिकटपणा येतो. पाण्यात सुटत असेल तर कापसाचे चार तंतू मळा. गोळा हरभऱ्याएवढाच, गळाचं टोक बाहेर दिसलं पाहिजे. टोक झाकून मोठा गोळा केला की मासा तो चघळून सोडून देतो.

कोणी सिप्रिनस (कॉमन कार्प) सोडले असतील तर ०.३० ते ०.३५ चा तंगूस, ५ किंवा ६ नंबरचा गळ, आणि तळाला लागून उतरणीच्या तुटत्या कडेवर. इथं शिसं वेगळ्या बारीक दोऱ्यानं लटकवा: मुख्य तंगूस ०.३५ चा असेल तर शिशाचा वीतभर दोरा ०.१८ चा. अडकलं की तो दोरा तुटतो, शिसं जातं, मासा आणि गळ राहतो. शिशाच्या जागी जुना नट किंवा स्पार्क प्लग बांधा, गेला तरी दुःख नाही.

चारा टाकताना हात आवरा. ओढ्या-नदीत चालतं तसं इथं दोन-तीन किलो कोंडा ओतायचा नाही. बंद पाण्यात उरलेला कोंडा कुजतो आणि आहे तो प्राणवायूही खातो. अर्ध्या दिवसाला अर्धा किलो तांदळाचा कोंडा, थोडी पेंड, लिंबाएवढे गोळे करून एकाच जागी.

मरळीचा प्रकार निराळा. ती वरची हवा घेऊन जगते म्हणून अशा मेल्या पाण्यात बाकीच्यांपेक्षा सुखात असते. ३० ते ४० पौंडाचा ब्रेडेड दोरा, ताठ काठी, दोन गळांचा रबरी बेडूक. खरा बेडूक लावू नका, वन्यजीव कायद्याची भानगड आहे आणि गरजही नाही. पहाटे किंवा दिवस मावळताना उतरणीच्या कडेला समांतर टाका, थांबत थांबत ओढा. पाणी फुटलं की लगेच हिसका मारायचा नाही, बेडूक पूर्ण आत जाऊ द्या, दोन अंक मोजा, मग जोरात. नाहीतर रबर हातात, मरळ पाण्यात. पावसाळ्यात तांबड्या-नारिंगी पिल्लांचा घोळका वर दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. ती जोडी चिडून सहज गळाला येते, म्हणूनच मारू नका. जोडी गेली की चिलापी अख्खा घोळका साफ करते.

कड्याच्या डोक्यावरून मासा ओढायचा विचार सोडा. सात-आठ मीटर उंचीवरून दोन किलोची मरळ वर येताना दोरा दगडावर घासतो आणि माणूस वाकून बघतो, धोका तिथंच असतो. पावसानंतर कड्याची धार सुटलेली असते, धारेपासून तीन मीटर मागं. उतरणीवर बसलात तरी वीस मीटरचा एक दोर खुंटाला बांधून पाण्याकडे सोडून ठेवा, कारण आत पडलेल्याला बाजूच्या भिंतीवरून चढायला जागाच नसते.

उताराबघा

गळ काढण्याआधी सर्व्हे नंबर काढा ओ. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ साइटवर आरटीसी उतारा (आपल्या सातबाऱ्यासारखा) मिळतो, ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव. खासगी असेल तर मालकाला विचारा. सरकारी किंवा गोमाळ (गायरान) निघालं तर पंचायतीत जाऊन मासेमारीचा ठेका कोणाला दिलाय का ते बघा. ठेका असेल तर त्यातला मासा ठेकेदाराचा. खाणीचा पट्टा अजून चालू असेल तर खाण व भूविज्ञान खात्याच्या नोंदीत ती खण बंद नसतेच, आत जाणं म्हणजे घुसखोरी. कन्नड वाचायला अडत असेल तर तलाठ्याकडे जा, पाच मिनिटांचं काम.

याच ओघात एक: गोकाकजवळचा धुपदाळचा जलाशय बघून काहींना तिथं गळ टाकावा वाटतो. तो घटप्रभा पक्षी अभयारण्यात आहे, १९७४ पासून. तिथं गळ काढूच नका.

गळवाला

लई उपकार. कागद काढायला सुरुवात करतो. दोन शंका राहिल्या. उतरणीच्या एका बाजूला कोणीतरी काळी वाळू ट्रॉलीनं आणून ओतलीय, आणि तिच्या जवळ पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. दुसरं, गावातला एकजण म्हणतोय की मांगूर सोडा, झटपट वाढतो.

साचेवाला

तवंगाची परीक्षा काडीनं होते. काडीनं तवंगात रेघ ओढा. काचेसारखे तुकडे होऊन वेगवेगळे राहिले तर ते लोहाच्या जीवाणूंचं पातळ कातडं, आपल्या तांबड्या मातीच्या भागात नेहमीचं, त्रास नाही. रेघ मागच्या मागे भरून तवंग परत जुळला तर तेल आहे.

काळी वाळू मात्र फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची असणार. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या कारखान्यांच्या भागात साच्याला वापरून झालेली वाळू टाकायला जागा हवी असते आणि बंद खणी हाताशी असतात. कोळशाची भुकटी आणि बेंटोनाइटची (चिकट मातीची) वाळू असेल तर ती चिकट, काळी, वास फारसा नाही. रेझिनची (रासायनिक चिकाची) असेल तर दाणे सुटे, गरम दिवसात औषधासारखा उग्र वास येतो. त्या वाळूत फिनॉल आणि धातूंचे अंश असतात, पावसानं ते धुऊन पाण्यात उतरतात. तळाशी गाळ चाळून खाणारा सिप्रिनस आणि मांगूर यांच्यात ते जास्त साठतं. अशा खणीतला मासा धरा, सोडा, खाऊ नका. खायचाच असेल तर आधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि फिनॉल, शिसं, क्रोमियम या तिन्हींची तपासणी मागा. नुसती पिण्याच्या पाण्याची साधी तपासणी केली तर क्षार आणि जंतू कळतील, हे कळणार नाही.

मांगूर सोडायचा विषयच नको. आफ्रिकन मांगुरावर देशात २००० सालापासून बंदी आहे. तो पावसात ओल्या जमिनीवरून सरकत शेजारच्या ओढ्यात जातो आणि तिथला मासा खाऊन टाकतो.

खडीमास्तर

एक राहिलं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठल्या की वरचं पाणी जड होऊन खाली जातं आणि खालचं वायूचं पाणी वर येतं. पहाटे सगळा मासा तोंड वर काढून धापा टाकताना दिसतो. असंच जूनच्या पहिल्या मोठ्या गार पावसानंतरही होतं. लोकांना वाटतं कोणी विष टाकलं. त्या आठवड्यात गळाला काही लागत नाही, चारा तर अजिबात टाकू नका. पाण्याचा वास जाऊन चिलापी पुन्हा उतरणीवर फिरायला लागली की मग जा.