चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली, भिंतीला बुरशी आणि घरात दोन लहान मुलं

बी-३०१, रात्री ८.४०
सोसायटीतल्या सगळ्यांना नमस्कार. चवथीला तीन आठवडे राहिले. घरात एक दहा महिन्यांचा, रांगणारा, आणि एक चार वर्षांची. कपाटामागची भिंत काळी पडलीय, फरशीवर लाल पावलं उठतात, गादीचा वास जात नाही. आधी रंगारी बोलावू की आधी साफसफाई? कोणी क्रमाने सांगेल का?

ए-१०२, रात्री ८.४६
रंगारी आत्ता नको गे बाय. ओल्या भिंतीवर रंग मारला तर पापुद्रे सुटतात, आणि रांगतं मूल तेच वेचून तोंडात घालतं. आधी ओल कुठून येते ते बघ.

सी-२०४, रात्री ८.५८
काकी बरोबर सांगतात. वहिनी, एक सोपी तपासणी करा. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा हात-दीड हात चौकोन घ्या. काळ्या डागाशेजारची भिंत फडक्याने कोरडी करून तिथे चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लावा, दोन दिवस ठेवा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, म्हणजे बाहेरचा गिलावा, पाइप किंवा वरच्या फ्लॅटचं बाथरूम. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली वाफ आहे, आणि तो दोष घरातल्या सवयींचा. पहिल्या प्रकारात गिलाव्याच्या कामाला पाऊस संपेपर्यंत थांबावं लागतं, दुसऱ्याला उद्यापासून उपाय आहे.

कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर किमान चार बोटं पुढे ओढा. मागे हवा फिरली नाही की बुरशी येणारच. पण ओढताना ते सरळ उभं राहतंय का बघा आणि वरच्या बाजूने पट्टीने भिंतीला अडकवा. मूल उघड्या खणावर चढलं तर सुटं कपाट पुढे कलंडतं.

ए-१०२, रात्री ९.०३
आणि आतले ओले कपडे! मशीनमधून काढलेल्या एका खेपेत साधारण दोन लिटर पाणी असतं. ते सगळं खोलीच्या हवेत जातं आणि रात्री भिंतीवर बसतं. बाळाचे लंगोट हॉलमध्ये दोरीवर घातले की बुरशी वाढलीच. बाल्कांवात (बाल्कनीत) किंवा एका बंद खोलीत घाला, खिडकी किंचित उघडी, पंखा चालू.

डी-१०१, रात्री ९.०८
घरात एसी असेल तर दुपारी तास-दोन तास ‘ड्राय’ मोडवर ठेवा. पण त्याचा पाइप बादलीत सोडू नका, डासांचं पुढे सांगतो.

बी-३०१, रात्री ९.११
काळं पडलंय ते पुसायचं कशाने? आईने सांगितलं व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून लाव.

सी-२०४, रात्री ९.१९
एकत्र केले तर नुसता फेस. एक आम्ल, एक अल्कली. एकमेकांना मारून टाकतात आणि हाती खारट पाणी उरतं. हवं तर आधी एक, मग दुसरं, तेही वेगवेगळ्या कामांना.

बुरशीला हे करा. कोरडी घासू नका, बीजं उडून सगळ्या घरभर बसतात. आधी साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा, मळ निघाला पाहिजे, कारण मळात ब्लीचचा जोर वाया जातो. मग फक्त फरशी, बेसिन, टाइल्स अशा पाणी न शोषणाऱ्या जागेवर ब्लीच. साधं घरगुती ब्लीच १ लिटर पाण्याला जास्तीत जास्त ६० मिलि. दहा मिनिटं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, आणि मुलं दुसऱ्या खोलीत. केलेलं पाणी त्याच दिवशी वापरा, उरलेलं उद्या निकामी.

लाकडावर आणि गिलाव्यावर ब्लीच वरवरचा रंग घालवतं, आतली बुरशी तशीच राहते. लाकडी फळीला व्हिनेगर लावा, तासाभराने कोरड्या फडक्याने पुसा, हवेशीर वाळू द्या. गिलाव्याला आधी ओल थांबली पाहिजे.

आणि मोठ्या अक्षरांत: ब्लीच + टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर = क्लोरीन वायू. ब्लीच + लघवी किंवा अमोनिया = क्लोरामाइन. दोन्ही विषारी. बंद बाथरूममध्ये हे होतं तेव्हा माणूस खोकत बाहेर पळतो. गादीवर शू झाली म्हणून ब्लीच शिंपडण्याचा विचारही करू नका.

ए-४०३, रात्री ९.२४
बापरे, हे माहीत नव्हतं 🙏

डी-१०१, रात्री ९.२६
जुना रंग खरवडणार असाल तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थराची धूळ मुलांच्या तोंडात जाता कामा नये. ओल्या फडक्याने, पाणी मारून काढा.

सी-१०३, रात्री ९.३२
लाल पावलांबद्दल. आपल्या चिऱ्याच्या मातीचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. एकदा ओली पसरली की सगळ्या घरभर जाते. दारात दोन पायपुसणी: बाहेर छिद्रांचं रबरी, आत जाड सुती. बाहेर काथ्याचं ठेवू नका, पावसात ते पाणी धरतं, कुबट वास येतो आणि खाली फरशी काळी पडते. सुतीचे दोन जोड ठेवा, एक वाळताना दुसरं वापरात. चपलांची मांडणी दाराबाहेर, पावसाळी बुटांना खाली पसरट ट्रे.

पुसताना दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, फडकं पिळून धुवायला. एकाच बादलीने सगळं घर पुसलं की लाल पाणीच पसरतं. पाच लिटरला क्लीनरचं अर्धं झाकण खूप झालं. जास्त घातलं तर फरशी चिकट होते, त्यावर धूळ आणखी बसते, आणि रांगणारं मूल तळवा तोंडात घालतं तेव्हा ते सगळं पोटात. शेवटची पुसणी साध्या पाण्याने.

आणि लक्षात घ्या, लाल मातीचा डाग ब्लीचने जात नाही, उलट लोखंडामुळे पक्का होतो. कपड्यावर माती असेल तर ओली चोळू नका. वाळू द्या, ब्रशने झटका, मग लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड (एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे) अर्धा तास, मग साबण. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा.

ए-४०३, रात्री ९.३८
आमसुलाचा? सोलकढी सांडते रोज.

सी-१०३, रात्री ९.४१
तो डाग साबण लावला की निळसर होतो, कारण आमसुलाचा रंग आम्लात लाल आणि साबणात निळा. आधी गार पाणी, मग पाण्यात व्हिनेगर, मग साबण. काजूच्या बोंडूचा रस मात्र चिवट, तो ओला असतानाच धुवा. वाळला की तपकिरी डाग कपड्याच्या शेवटापर्यंत राहतो. दूध आणि ओकारी याला गरम पाणी कधीही नाही, प्रथिन शिजून आत बसतं. गारच.

बी-३०१, रात्री ९.४४
गादीचा वास?

ए-१०२, रात्री ९.५६
पावसात पुन्हा का येतो तर लघवीतल्या युरिक ॲसिडचे खडे पाण्यात विरघळत नाहीत. दमट हवा झाली की वास परत उठतो. म्हणून पाण्याने भिजवू नकोस. फोमची गादी आत भिजली तर आठवडाभर वाळत नाही आणि आतून बुरशी येते. काथ्याची तर कुजतेच.

ताजी असेल तर कोरड्या कपड्याने दाबून टिपून घे, चोळू नकोस. मग एक वाटी व्हिनेगर आणि एक वाटी पाणी, फवारणीने वरचा थर ओला होईल इतकंच. मग टिपून घे. पुरती वाळल्यावर वरून खाण्याचा सोडा चाळणीने पातळ पसर, रात्रभर ठेव, सकाळी व्हॅक्यूमने किंवा झटकून काढ. त्यानेही नाही गेलं तर एन्झाइम क्लीनर मिळतो. तो ओला राहिला पाहिजे तरच काम करतो, म्हणून बाटलीवर लिहिलेला वेळ पाळ. मग गादी उभी करून दोन्ही बाजूंनी पंखा.

आणि अंथरूण असं घाल: वॉटरप्रूफ चादर, वर चादर, त्यावर परत वॉटरप्रूफ, वर परत चादर. रात्री ओलं झालं तर वरचे दोन थर ओढून काढायचे, दिवा न लावता झोप चालू.

डी-१०१, रात्री १०.०२
😂 हा शेवटचा उपाय पिन करा.

बी-२०२, रात्री १०.०५
मेणखडूच्या भिंतीवर काय करता? माझी तर हॉलभर.

सी-२०४, रात्री १०.१३
आधी रंग कोणता ते बघा. डिस्टेंपर असेल तर ओल्या फडक्यानेच रंग निघेल, त्याला हात लावू नका, पाऊस संपल्यावर रंगाचा एक हात मारा. प्लास्टिक इमल्शन असेल तर ओल्या फडक्यावर चिमूटभर सोडा, बोटाने गोल फिरवत, जोर न देता. पांढरा फेसासारखा स्पंजही चालतो, पण तो खरं तर बारीक पॉलिश पेपर आहे, मॅट रंगाला चकाकी येते. एका कोपऱ्यात बघून मगच. स्टिकरच्या चिकटीला खोबरेल तेल पंधरा मिनिटं, मग साबण. प्लेडो (खेळायची मऊ रंगीत माती) ओली असेल तर हात लावू नका, वाळून ब्रशने निघते.

एक भिंत मुलांना द्या: वर्तमानपत्राचा रोल किंवा फळ्याचा काळा रंग, मुलाच्या खांद्याच्या उंचीला. बाकी भिंती वाचतात.

ए-४०३, रात्री १०.१७
खेळण्यांचा पसारा, त्यावर काही?

बी-२०२, रात्री १०.२९
खेळणी जास्त असतात हे एकच कारण. बाहेर दहा, बाकी डब्यात. दर पंधरवड्याला अदलाबदल. उथळ उघडे डबे, झाकण नसलेले, एका प्रकाराला एक. बाजूला चित्र चिकटवा: गाड्या, ठोकळे, भांडी. दीड वर्षाचं मूल टोपलीत टाकू शकतं, वर्गवारी साधारण तीन वर्षांनंतर. म्हणून लहानाला एकच मोठी टोपली, मोठ्याला डबे. वेळ रात्रीच्या जेवणाच्या आधी दहा मिनिटं, जेवणानंतर कोणाचाच उत्साह राहत नाही.

न्हाणीतली रबरी बदकं एकदा दाबून बघा. भोकातून काळे तुकडे आले तर फेका, धुवून जात नाहीत. नवीन आणली तर आधीच भोक गरम गोंदाने बंद करा. बाकी खेळणी रात्री जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा. आणि रिमोटची, गाण्याच्या खेळण्याची बटण बॅटरी! झाकणाला स्क्रू आहे का बघा. गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजते. वाट बघायची नाही, थेट इस्पितळ.

ए-१०२, रात्री १०.३३
त्याला जोडून. कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांच्या रक्तपेशी या गोळ्यांच्या वासानेही फुटतात. मुलं त्या खडीसाखर समजून खातात ते वेगळं. कपडे पुरते वाळवून घट्ट डब्यात ठेवणं हेच खरं. ओल शोषणाऱ्या डब्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, खाली साठणारं पाणी त्वचेला आणि डोळ्याला झोंबतं, म्हणून तो वरच्या खणात.

सी-१०३, रात्री १०.३८
मुंग्यांचा खडू पण. दिसतो फळ्यावरच्या खडूसारखाच, आत कीटकनाशक. मुलाच्या हाती पडला तर भिंतीवर काढेल किंवा चाटेल. सोफ्याच्या फटीत पोदेराच्या उंड्याचा (बेकरीच्या पावाचा) चुरा असतो, त्यावर रांग येते. चुरा काढा, मग रांग साबणाच्या पाण्याने पुसा. रांगेचा वास पुसला की दुसऱ्या मुंग्यांना वाट सापडत नाही.

डी-१०१, रात्री १०.४४
डास. कुंडीखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, एसीची बादली. नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या काठाला अंडी चिकटवतो, ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा ब्रशने काठ घासा.

सी-२०४, रात्री १०.४९
फिनेल, ब्लीच, ॲसिड कधीही थंडपेयाच्या बाटलीत भरू नका. मूळ बाटली, कुलूप, डोक्याच्या वर. गिळलं तर ओकारी काढायची नाही. १०८, आणि बाटली सोबत घेऊन म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात.

बी-३०१, रात्री १०.५५
देव बरें करूं सगळ्यांचं. म्हणजे क्रम असा का: फॉइल, कपाट पुढे, कपडे बाल्कांवात, मग बुरशी, मग गादी, शेवटी फरशी?

ए-१०२, रात्री ११.०१
फरशी रोज, बाकी तसंच. आणि वापरलेलं डायपर: आतलं शौच संडासात टाकून मग गुंडाळ, वर्तमानपत्रात वेगळं बांध, ओल्या कचऱ्यात नको.

माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या टांगायची) चौकट माळ्यावरून उतरवशील तेव्हा तीही पुसून वाळव. आणि फळं बांधताना कवंडळ वर, मुलाच्या हाताबाहेर. लालभडक, गोल, त्याला चेंडूच वाटतो, पण ते खायचं फळ नव्हे. सुपाऱ्यांची शिपटंही (घोसही) उंचावर बांध, गळून पडलेली सुपारी रांगत्या पोराच्या घशात बसेल एवढीच असते. रोज सकाळी दिवा लावायच्या आधी खाली काय पडलंय ते एकदा वेचून घे.