अनुभव सांगा : कॅरी, नॉर्थ कॅरोलायना – इथलं राहणं कसं आहे?

माझा भाचा बायको-मुलीसह मार्चअखेर इथे राहायला येतोय. नोकरी जवळच्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये, म्हणजे कंपन्या आणि संशोधन संस्थांच्या मोठ्या वसाहतीत. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, तिथे बघण्यासारखं काय आहे गं?" मी पार्क, तळी, देऊळ अशी पाच-सहा नावं भराभर सांगितली. फोन ठेवल्यावर चुकचुकल्यासारखं झालं. नावं त्याला नकाशावरही दिसतील. म्हणून इथे विचारतेय. घरांच्या किमती आणि शाळांची रेटिंग्ज नकोत. तुम्ही इथे कसे रुळलात, काय खटकलं, सुट्टीच्या दिवशी पाय कुठे वळतात ते लिहा.

माझे पाय हेमलॉक ब्लफ्सकडे, म्हणजे इथल्या राखीव जंगलाकडे वळतात. मी २००६ मध्ये आले. पहिला उन्हाळा फार जड गेला. दमट उकाडा, ओळखीचं कुणी नाही. एका दुपारी तिथल्या लाकडी पायऱ्या उतरून स्विफ्ट क्रीकच्या बाजूला गेले आणि एकदम गारवा लागला. हेमलॉक हे थंड डोंगरातलं झाड, त्याचं खरं घर इथून २०० मैल पश्चिमेला. पण हा कडा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे, सावलीचा आणि ओलसर, म्हणून हिमयुगानंतरही ही झाडं इथे तगून राहिली. माहितीफलक वाचून मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले होते. अजूनही मन थाऱ्यावर नसलं की तिथेच जाते.

१९९१ पासून इथे असलेले एक काका

आम्ही आलो तेव्हा हायवे ५५ च्या पलीकडे पाईनचं रान आणि तंबाखूची शेतं होती. आता तिथेच आपली निम्मी मंडळी राहतात. १९७० मध्ये या गावाची वस्ती साडेसात हजारांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती १,७४,७२१ झाली. तरी कागदोपत्री हे अजून 'टाऊन'च आहे, सिटी नाही, आणि जुन्या लोकांना त्याचा अभिमान आहे.

भाच्याला सांगा, सगळ्यात आधी पेज-वॉकर हॉटेल बघ. १८६८ च्या सुमाराला फ्रँक पेजने रेल्वेच्या प्रवाशांसाठी ते बांधलं. हे गावच रुळांच्या कडेला जन्मलं. आता तिथे कला आणि इतिहासाचं केंद्र आहे. रात्री मालगाडीची लांब शिट्टी ऐकू येते, तेव्हा मला मिरजेचं आमचं घर आठवतं. गावात रेल्वे स्टेशन आहे आणि शार्लट शहराला रेल्वेत बसून जाता येतं, हे इथल्या निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. मुलीला एकदा जरूर न्या.

पश्चिम कॅरीतून, दोन मुलांची आई

मी शाळेबद्दल लिहिणार, कारण हे कुणी आधी सांगत नाही. इथल्या बऱ्याच शाळा वर्षभर चालतात. मुलांचे चार गट, म्हणजे 'ट्रॅक' असतात. साधारण नऊ आठवडे शाळा, मग तीन आठवडे सुट्टी. एका वेळी तीन ट्रॅक शाळेत आणि एक घरी, म्हणजे त्याच इमारतीत जास्त मुलं मावतात. गाव वाढत गेलं, वर्ग पुरेनात, त्यातून हे निघालं. वर्ष जुलैत सुरू होतं.

आमची मोठी एका ट्रॅकवर आणि धाकट्याची शाळा नेहमीच्या कॅलेंडरची, असं दोन वर्षं चाललं. एकाला सुट्टी तेव्हा दुसऱ्याची परीक्षा. भारतात जायची तारीख ठरवताना जीव मेटाकुटीला यायचा. त्यात नवीन शाळा उघडली आणि आमच्या गल्लीची हद्द बदलली. मोठीच्या तिन्ही मैत्रिणी जुन्या शाळेत राहिल्या. ती आठवडाभर रोज रात्री रडायची. मला अजून त्याचं वाईट वाटतं. घर घेताना "ही शाळा पक्की" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

पण तीन आठवड्यांची ती ऑक्टोबरातली सुट्टी! समुद्र दोन तासांवर, डोंगर चार तासांवर, आणि कुठेच गर्दी नाही. शेजारच्या रॉलीतली स्टेट फेअर, म्हणजे राज्याची जत्राही तेव्हाच असते. आता मुलं ती सोडायला तयार नाहीत.

सोलापूरहून, सध्या मुलीकडे

माझ्या शेजारणीला अजून वाटतं मी 'कैरी'त राहते. नातीकडून टाईप करून घेतेय.

मी सहा महिन्यांसाठी येते. पहिल्या खेपेला फार कोंडल्यासारखं झालं. घर मोठं, बाग सुंदर, पण रस्त्यावर माणूस नाही. भाजीवाला नाही, दारावर कुणी येत नाही. दुकानात जायचं तरी जावईबापूंची वाट बघायची. मुलीला बोलून दाखवलं नाही, पण दिवस मोजत होते.

मग मुलीने बाँड पार्कमधलं ज्येष्ठांचं केंद्र दाखवलं. तिथे एक तेलुगू बाई भेटल्या. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगू फक्त सोलापूरच्या पेठेत ऐकून कळतं तेवढं. तरी आमचं जमलं. आता आठवड्यातून दोनदा तळ्याकाठी फिरतो. शनिवारी व्यंकटेश्वराच्या देवळात जातो. २००९ चं देऊळ, तिरुमलासारखंच बांधलंय, आणि आता ८७ फुटांचा राजगोपुरही झालाय. प्रसादाचा दहीभात हातात आला की परदेशात आहे असं वाटत नाही. नवीन येणाऱ्यांनी आईवडिलांना बोलवायच्या आधी त्यांची फिरायची सोय बघावी. घरात आराम खूप असतो, पण माणूस लागतं.

शेजारच्या मॉरिसव्हिलहून

क्रिकेट! चर्च स्ट्रीट पार्क. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग क्रिकेटचा पहिला हंगाम झाला, तेव्हा टेक्सासमधल्या ग्रँड प्रेरीबरोबर दुसरं मैदान आमचंच होतं. एरवी तिथे आमचे शनिवार-रविवारचे सामने चालतात. भाच्याला बॅट आणायला सांगा.

पुन्हा पश्चिम कॅरी, बागेवाली

वर आजींनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. गाडीशिवाय इथे पान हलत नाही. बस आहे, पण आमच्या भागात तिच्यावर विसंबता येत नाही. आणि मला झाडांचं फार लागतं. आमच्या मागचं पाईनचं रान दोन वर्षांपूर्वी तोडलं, तिथे टाऊनहाऊस झाले. त्यांतल्या एका घरात माझी आत्ताची जिवाभावाची मैत्रीण राहते, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करू?

माती लाल चिकणी. पावसात लोण्यासारखी, उन्हात वीट. कंपोस्ट घालून घालून तिसऱ्या वर्षी दुधी आणि तोंडली धरली. हरणं येतात, कुंपण हवंच. कढीपत्ता कुंडीत लावा, थंडी पडायच्या आत घरात घ्या. रताळी मात्र इथली खावी. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी याच राज्यात पिकतात. आषाढीला कीस करते, तो चवीला अगदी घरच्यासारखा होतो.

धागा सुरू करणारी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सगळं भाच्याला पाठवलं. त्याच्या पाच वर्षांच्या लेकीला डाऊनटाऊन पार्कमधले कार्डिनल पक्षी दाखवायचेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पार्क उघडला तेव्हापासून माझ्या मैत्रिणींची नातवंडं त्या अवाढव्य लाकडी पक्ष्यांच्या पोटातून खाली येतच नाहीत. ऑक्टोबरात कोका बूथ अ‍ॅम्फीथिएटरमधली दिवाळी आहेच, तळ्याकाठी, पाईनच्या झाडांखाली.

येणार मात्र ऐन परागांच्या दिवसांत. पाईनचे पिवळे पराग आत्ताच पडायला लागलेत. सकाळी दार उघडलं तर तुळशीच्या पानांवर हळद शिंपडल्यासारखी पूड, आणि गाडीच्या काचेवर कुणा लहान मुलाच्या पंजाचा ठसा. ॲलर्जीच्या गोळ्या आणून ठेवल्यात. त्याचं विमान २८ तारखेला उतरतंय. २७ ला गाडी धुते, म्हणजे निदान विमानतळापर्यंत तरी स्वच्छ राहील.