अनुभव धागा: रेगेच्या रेकॉर्डी, कूलरची हवा आणि नागपूरचा मे महिना

संत्री_आणि_सुई
काल इतवारीत भंगाराच्या ढिगात बोनी एमची १९७८ची 'नाइटफ्लाइट टू व्हीनस' दिसली अन् जुनं सगळं एकदम वर आलं. आपल्याकडे कित्येकांना रेगे (जमैकाचं संगीत) याच मागच्या दारानं भेटला, नावही ठाऊक नसताना. त्यातलं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' मूळचं जमैकाच्या मेलोडियन्सचं, १९७०चं. दोन्ही पाठोपाठ लावून पाहा. बोनी एमनं खालून डिस्कोचा ठोका भरला आणि मूळ गाण्यातली मोकळी जागा बुजवून टाकली.

हल्ली पोरं पुन्हा रेकॉर्डी जमवून राहिलीत, म्हणून हा धागा. 'आमच्या वेळी' नको, त्याचे धागे भरपूर झाले. काय पाहून घ्यावं आणि इथल्या उन्हात कसं टिकवावं, एवढंच लिहा.

सुरुवात माझी. ढिगातली रेकॉर्ड कव्हर पाहून घेऊ नका. बाहेर काढा, उजेडाकडे तिरपी धरा. केसासारख्या रेषा चालतात, पण बोट हलकेच आडवं फिरवल्यावर लागतो तो चरा वाजणारच. मधल्या भोकाभोवती लेबलवर रेघोट्यांचं जाळं असेल तर ती पुष्कळदा आणि घाईघाईत लावलेली आहे. मग डोळ्याच्या पातळीला धरून कड पाहा, लाट आलीय का. शेवटी लेबलबाहेरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला नंबर वाचा. जमैकाच्या सिंगलवर तो बहुतेक वेळा हातानंच खरडलेला असतो. लेबल चुकीचं असू शकतं, कोरंही असतं. विश्वास नंबरावर ठेवायचा.

रूपक_सात_मात्रा
मोकळ्या जागेचं बोललात ते नेमकं. चार मात्रा मोजा. पहिलीवर ड्रम गप्प. दुसरी-चौथीला गिटारची तुटकी 'चक'. तिसरीवर बास ड्रम आणि स्नेअर एकदमच. याला वन ड्रॉप म्हणतात, बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट, त्याचा हात ऐका. नवख्याचा पाय पहिलीवरच पडतो आणि त्याला वाटतं ठोका चुकला. रूपक वाजवणाऱ्यांना सोपं जातं, तिथे समेवरच खाली असते.

सगळा रेगे वन ड्रॉप नाही हो. स्टेपर्स नावाच्या ठेक्यात बास ड्रम चारही मात्रांवर पडतो. आणि १९६६-६८च्या रॉकस्टेडी या जमैकाच्याच शैलीत चाल आधीच्या स्का शैलीपेक्षा संथ झाली, त्यामुळे बासला बोलायला जागा मिळाली. रेगे त्यातूनच निघाला. टूट्स अँड द मेटल्सचं नावातच रेगे असलेलं गाणं १९६८चं.

बर्डी_मेन_रोड
समेवर खाली म्हणजे आमच्या ऑफिसचं प्रमोशन 😄

खस_ताट्या
नागपुरात रेकॉर्डीचा पहिला शत्रू ऊन नाही, कूलर आहे. राग येईल, पण खरं आहे. कूलरच्या झोतासमोर कपाट ठेवलं की जूनपर्यंत कव्हरला बुरशी, लेबलवर ठिपके, आणि खाचांत पांढरी पावडर. ती वाजते तेव्हा पोहे तळल्यासारखा आवाज येतो. कपाट झोताच्या बाजूला नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. रेकॉर्डी उभ्या, सरळ, ना घट्ट ना ढिल्या. तिरप्या टेकल्या की एका उन्हाळ्यात वाकतात. आडवी चळत तर नकोच.

बुरशी धुवायचं पाणी: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनवासाच्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे २-३ थेंब. मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचं, आडवं नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्डनं धुवा, नाहीतर लिक्विड सुकून सुईवर गोळा होतं. लेबल भिजू देऊ नका. बॅटरीच्या दुकानात पाणी मागताना 'डिस्टिल्ड' म्हणा, तिथे ॲसिडही मिळतं. आणि हे फक्त व्हिनाइलसाठी. लाखेच्या ७८च्या तबकड्यांना अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते.

गिट्टीखदान_गल्ली
काका, नळाचं पाणी उकळून गार केलं तर चालते का?

खस_ताट्या
नाही रे बाबा. उकळून क्षार जात नाहीत. किटलीच्या बुडाला पाह्य.

मोठ्या_भोकाचा_प्रश्न
जमैकाची ७ इंची सिंगल हाती आली, मधलं भोक केवढं मोठं! प्लेयरवर बसतच नाही. मधला गोळा नागपुरात कुठे मिळेल?

इको_चेंबर
गोळ्याचं कोणी सांगेलच. तोवर सिंगल उलटी करून बी-साइड पाहा. 'व्हर्जन' लिहिलंय का? तेच गाणं, गाणारा काढून टाकलेला. ही बाजू नुसती जागा भरायला नसे. गल्लीत साउंड सिस्टिम लागायची, तिथला माणूस त्या रिकाम्या बाजूवर माइक घेऊन बोलायचा. आपल्या धुमालच्या (वरातीतल्या ढोल-बाजाच्या) गाडीवर गायकाऐवजी बोलणारा उभा करा, साधारण तसंच.

जमैकाचा साउंड इंजिनियर किंग टबी, त्याचा मूळ धंदा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा हात होता, म्हणूनच मिक्सिंग डेस्कच वाद्यासारखा वापरायचं त्याला सुचलं. आवाज खाली ओढायचा, ड्रम आणि बास उघडे सोडायचे, गिटारची एकच 'चक' इकोत फेकायची. तोच डब. ऑगस्टस पाब्लोची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' घ्या, १९७६ची. आधी बास ऐका, मग मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी), आणि तिसऱ्यांदा काय *नाही* ते ऐका.

एकच ठेका घेऊन डझनभर गायक गायले तर त्या ठेक्याला रिडिम म्हणतात. चोरी म्हणू नका, बंदिशीसारखं आहे. १९८५चा स्लेंग टेंग तर कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर उभा आहे.

सराफा_काटा
सुईचा भार कोणी बोललंच नाही! पेटीवजा जुन्या प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) असते, ५ ग्रॅम किंवा जास्तच भार. त्यावर जुना रेगे वाजवणं म्हणजे नांगरणी. साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला १.५ ते २ ग्रॅम लागतो. ऑडिओ टेक्निका एटी३६००एलला मात्र ३च्या आसपास, ऑर्टोफोन २एम रेडला १.८. कागदावर लिहिलेलंच घ्या, 'कमी भार म्हणजे कमी झीज' हे खोटं आहे. भार कमी पडला की जोरदार बासवर सुई खाचेत नाचते आणि भिंती छिलते.

०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा पुरतो. आधी त्यावर २०११ ते २०१८मधला एक रुपयाचा शिक्का ठेवा, ३.७९ ग्रॅम दाखवला तर काटा ठीक. सुई रेकॉर्डच्याच उंचीवर तोलायची. काटा जाड असला की आकडा चुकतो.

महालातला_म्हातारा
काट्यावरून आठवलं, कूलरच्या पाण्याच्या पंपाला मे महिन्यात दर आठवड्याला जाळी साफ करावी लागते. सध्या खस कुठे चांगली मिळून राहिली?

खस_ताट्या
काका, वेगळ्या धाग्यात विचारा, इथं रेगेवाले भडकतील. (गांधीबागेत पाहा.)

शहाबादी_फरशी
बास ऐकताना 'हूंऽऽ' असा वाढत जाणारा आवाज येत असेल तर दोष रेकॉर्डचा नाही. स्पीकर आणि प्लेयर एकाच टेबलावर आहेत. कंप टेबलातून सुईत, सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये. प्लेयरखाली शहाबादीचा तुकडा, त्याखाली अर्धे कापलेले चार टेनिस बॉल. स्पीकर खाली किंवा दुसऱ्या टेबलावर.

आणि वूफरचा पडदा न वाजताही आत-बाहेर डोलत असेल तर वाकलेली रेकॉर्ड. दर फेऱ्याला एक झोका. फोनो प्रीअँपला २० हर्ट्झच्या आसपासचा सबसॉनिक (अतिखोल कंप गाळणारा) फिल्टर असेल तर लावा. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गच्चीवर दोन काचांमध्ये ठेवून सरळ करायचा सल्ला फिरत असतो. करू नका. काचेखालचा ताप हवेपेक्षा पुष्कळ वर जातो, रेकॉर्ड सपाट होईल आणि खाचा मऊ पडतील. घरातच दोन जाड काचांत, वर पुस्तकांचं वजन, काही आठवडे. बशीसारखी वाकलेली थोडी बसते. कडेला एकाच जागी टोकदार लाट असेल तर आशा सोडा.

गिट्टीखदान_गल्ली
आणि स्पीड? गाणी जरा खाली वाटून राहिली मला.

सराफा_काटा
पट्टा सैल पडला असेल, उन्हानं रबर लांबतो. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा चिटोरा ठेवून फेरे मोजा. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे, ४५ वर १३५. रेकॉर्ड लावून, सुई टेकवून मोजा, रिकामं फिरवून नाही. पट्ट्यांची गोल तबकडी (स्पीड बरोबर असला की पट्ट्या थांबलेल्या दिसतात) वापरायची असेल तर आपल्या ५० हर्ट्झला ३३⅓साठी १८० पट्ट्यांची. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली पाहायची, पुष्कळ एलईडी दिव्यांखाली पट्ट्या नीट थांबत नाहीत.

पेटीतली_आगपेटी
महाग सौदा करणाऱ्यांसाठी एक. वेलर्सच्या 'कॅच अ फायर'ची १९७३ची पहिली खेप लायटरसारख्या उघडणाऱ्या कव्हरात होती, आयलंड कंपनी, नंबर आयएलपीएस ९२४१. पुठ्ठा बाजूच्या रिव्हेटवर फिरतो. फाटतो तिथेच, रिव्हेटभोवती. फोटोत ते बंद दाखवतात, उघडलेला फोटो मागा. पुढे कव्हर बदललं, मार्ली ओढतानाचा फोटो आला. आणि आतली तबकडी बाहेरच्याच खेपेची आहे का, तेही नंबर पाहून.

कोणाकडूनही मागवताना 'रेकॉर्ड कव्हरबाहेर काढून पाठवा' सांगा. आत ठेवून पाठवली की धक्क्यानं कव्हरची शिवण फाटते. एप्रिल-मेमध्ये मागवूच नका, पार्सलची गाडी दिवसभर उन्हात उभी असते.

बर्डी_मेन_रोड
कव्हर प्लास्टिकचं घालावं का? दुकानातली चकचकीत पारदर्शक?

पेटीतली_आगपेटी
तेच घालू नका. मऊ पीव्हीसी उन्हात रेकॉर्डला चिकटतं, वर धुरकट थर येतो, तो धुतल्यानं जात नाही. आत कागद किंवा पातळ पॉलिथीन.

लेथ_वाला_हिंगणा
मोठ्या भोकवाल्या दादा, गोळा विकत शोधत बसू नका. लेथवाल्याला नायलॉनची सळी द्या: बाहेरचा व्यास ३८ मिमी, मधलं भोक ७.२, जाडी ३-४. आधी ३८ला थोडं जास्त ठेवून रेकॉर्डवर लावून पाहा, मग घास. घट्ट बसवू नका, नाहीतर काढताना सिंगलच तडकेल. मधलं भोक बाहेरच्या वर्तुळाच्या बरोबर मध्ये पाहिजे. अर्धा मिमी जरी सरकलं तरी सूर हलतो, आणि आतल्या खाचांत जास्त हलतो. वाजवताना टोनआर्मचं (सुईच्या दांड्याचं) डोकं डावी-उजवीकडे झुलतंय का पाहा. झुलत असेल तर गोळा काढून सिंगल केसभर सरकवा, मोठ्या भोकाचा हा एक फायदाच आहे. सळी आणली तर सहा गोळे एकदमच काढून घ्या, एक हमखास पलंगाखाली जातो.