लसीकरणाला येणाऱ्या कुटुंबांना मदत-सेवांशी डॉक्टरांनी कसे जोडून द्यावे?

प्रश्न (बालरोगतज्ज्ञ):
६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींसाठी कुटुंबे न चुकता येतात. वजन आणि लस यांतच वेळ संपतो, पण वडिलांचे काम सुटल्याचे किंवा आईला आठवडाभर धड झोप नसल्याचे नेमके निघता निघता कळते. समुपदेशन, स्तनपान सल्ला, पालक-गट यांचे क्रमांक छापलेला कागद मी देते आणि पुढच्या खेपेला तोच कागद बाळाच्या पिशवीत, घडीही न मोडलेला दिसतो. माझे कुठे चुकते आहे?

प्रतिसाद (समाजकार्यकर्ता):
कागद दिला की उरलेले सगळे काम त्या आईवरच पडते. रात्रभर जागलेल्या बाईने अनोळखी माणसाला आपली अडचण पहिल्यापासून सांगायची, हे सोपे नाही. तिची परवानगी घेऊन, ती समोर बसलेली असतानाच तुम्ही किंवा तुमच्या परिचारिकेने फोन लावावा, भेटीची वेळ ठरवावी आणि तिथे कोण भेटेल हे तिला सांगावे. ती नको म्हणाली, तर विषय तिथेच थांबवावा. यादीतली एखादी सेवा बंद पडलेली असते, म्हणून अधूनमधून स्वतः फोन करून खात्री करावी.

प्रतिसाद (परिचारिका):
गरजू वाटेल त्यालाच विचारू नका, सर्वांना विचारा. म्हणजे कोणाला बोट दाखवल्यासारखे वाटत नाही. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी १९८७ साली तयार झालेल्या एडिंबरा प्रश्नावलीत मागच्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न आहेत. तिने निदान होत नाही, पण बोलण्याला वाट मिळते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे होकार आला, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी त्या आईशी त्याच दिवशी सविस्तर बोलले पाहिजे आणि तिला एकटीला घरी पाठवू नये.

प्रतिसाद (एक आई):
आमच्या डॉक्टरांनी दार लोटून घेतले, बाळाला स्वतःकडे घेतले आणि विचारले, "रात्री तुमच्याबरोबर कोण जागतं?" मला रडू आवरेना. त्यांनी ठरवून दिलेल्या पालक-गटाला मी गेलेच नाही. पुढच्या तपासणीत त्या रागावल्या नाहीत. काय आड आले, एवढेच त्यांनी विचारले. अंतर लांब होते, हे कळल्यावर त्यांनी घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेची सोय करून दिली. ती दुसरी विचारणा झाली नसती, तर मी गप्पच राहिले असते.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. बाळाच्या नोंदीत वजनाच्या रकान्याशेजारी "मागच्या वेळी सुचवलेली मदत मिळाली का?" असा रकाना आजच आखून घेते.