महापौरांना नेमका कोणत्या कामाचा जाब विचारावा?

करदाता:
आमच्या शहराच्या महापौरांचा अडीच वर्षांचा कार्यकाळ संपत आला आहे. प्रभागातील काही रहिवाशांनी मिळून त्यांच्या कारकिर्दीबद्दल एक टीकात्मक निवेदन देण्याचे ठरवले असून मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पावसाळ्यापूर्वी नालेसफाई पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि पहिल्याच मोठ्या पावसात वस्त्यांमध्ये पाणी शिरले. नुकताच डांबरीकरण झालेला रस्ता जलवाहिनीसाठी पुन्हा खोदला गेला. आणि या सर्व काळात महापौर भूमिपूजने, लोकार्पणे व सत्कारसमारंभ यांतच दिसत राहिले. मसुदा वाचल्यावर मात्र एका शेजाऱ्यांनी, यांतले एकही काम महापौरांच्या अखत्यारीत येत नाही, असा आक्षेप घेतला. तो खरा असेल तर आम्ही टीका नेमकी कशावर करावी? सहज झटकून टाकता येईल असे निवेदन आम्हाला द्यायचे नाही.

सभानिरीक्षक:
आपल्या शेजाऱ्यांचा आक्षेप कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. मुंबईला १८८८ चा, तर राज्यातील इतर महापालिकांना १९४९ चा अधिनियम लागू आहे आणि दोन्हींत कार्यकारी अधिकार आयुक्तांच्या हाती दिलेले आहेत. आयुक्त राज्य शासन नेमते. नाल्यातील गाळ किती निघाला, खोदाईची परवानगी कोणत्या तारखेला दिली गेली, ठेकेदाराला दंड झाला की नाही, हे प्रश्न प्रशासनाला विचारायचे आहेत.

परंतु म्हणून महापौर जबाबदारीतून सुटत नाहीत. सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे असते, आणि कोणाला बोलू द्यायचे, कोणता विषय आधी घ्यायचा, सभा कशी चालवायची, यावर त्यांचाच वरचष्मा असतो. कायद्याप्रमाणे दरमहा किमान एक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. ती कागदोपत्री होते, पण अडचणीचा विषय पटलावर असला की दुखवट्याचा ठराव संमत करून सभा तहकूब केली जाते, हा प्रकार महापालिकांच्या बातम्या वाचणाऱ्यांना नवा नाही. त्याहून गंभीर बाब ऐनवेळच्या विषयांची. विषयपत्रिकेत नसलेला, नगरसेवकांनी आधी वाचलेला नसलेला प्रस्ताव सभेच्या अखेरीस गोंधळात पुकारला जातो आणि 'मंजूर' असे म्हणून सभा संपवली जाते. पुढे इतिवृत्त कायम होताना त्यात एखादी अशी उपसूचना आढळते, जी सभागृहात कोणी मांडल्याचे कोणालाच आठवत नाही. येथे आयुक्तांकडे बोट दाखवता येत नाही, कारण आसनावर महापौर बसलेले असतात.

म्हणून माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली त्यांच्या काळातील सभांची इतिवृत्ते मागवावीत. किती सभा कामकाजाविना तहकूब झाल्या, ऐनवेळचे किती विषय चर्चेशिवाय संमत झाले आणि नालेसफाईवर सभागृह एकदा तरी सविस्तर बोलले का, एवढे काढले तरी आपला मसुदा दुसऱ्याच वजनाचा होईल.

उंबरठा:
वरील प्रतिसाद नेमका असला तरी तो महापौरांना फार स्वस्तात सोडतो, असे माझे मत आहे. महापौर साधारणपणे बहुमतातील पक्षाचे किंवा आघाडीचे असतात. स्थायी समितीतील जागाही पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात, म्हणजे ठेके मंजूर करणारे हात बहुधा त्यांच्याच बाजूचे असतात. अशा महापौरांनी अधिकार नसल्याचे सांगणे ही सोय आहे. चांगल्या रस्त्याची फीत कापताना हा युक्तिवाद कधी ऐकू येत नाही!

२०२२ नंतर राज्यातील अनेक महापालिकांत महापौर नव्हते आणि प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात महापौर नसल्यामुळे आपले काही अडले, असे किती नागरिकांना वाटले असेल? माझ्या लेखी या पदावरची सर्वांत कठोर टीका तीच आहे, आणि ती मसुद्यात यायला हवी.

आणखी एक व्यावहारिक सूचना. महापौरपदाचे आरक्षण सोडतीने ठरते आणि ते फिरते असल्यामुळे तीच व्यक्ती पुढच्या वेळी त्या पदावर येण्याचा संभव कमी असतो. त्यामुळे केवळ व्यक्तीवर रोख ठेवलेल्या टीकेला कार्यकाळ संपताच धार राहत नाही. निवेदन त्यांच्या पक्षाच्या गटनेत्यांनाही द्यावे, कारण पुढचा उमेदवार ठरवताना त्यांचे मत विचारात घेतले जाते.

वळणवाट:
दोष व्यवस्थेचाही आहे. मध्य प्रदेशात महापौर थेट मतदारांकडून निवडले जातात आणि कोलकात्यात महापौर परिषद, म्हणजे महापौर आणि त्यांनी निवडलेले काही सदस्य, कारभार पाहते. मुंबईतही १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला, पण तो वर्षभरातच गुंडाळला गेला. अर्थात हे सर्व आपल्या निवेदनात घालू नये. वाचणारे सुटकेचा निःश्वास सोडतील आणि दोष कायद्यावर ढकलतील.

करदाता:
सर्वांचे आभार. नाले आणि खोदाई यांचा भाग वेगळा काढून तो आयुक्तांच्या नावे पाठवतो. महापौरांसाठीच्या निवेदनात सभा, तहकुबी आणि ऐनवेळचे विषय एवढेच राहतील, आणि सत्कारसमारंभांचा परिच्छेद, वाचायला कितीही रुचकर असला तरी, मी काढून टाकतो. एक शंका उरते: कार्यकाळ संपेपर्यंत इतिवृत्ते हाती आली नाहीत तर काय करावे?

सभानिरीक्षक:
माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. ती टळल्यास प्रथम अपील करावे, पण निवेदन त्यासाठी रोखून धरू नये. इतिवृत्ते मागितली आहेत, अद्याप मिळालेली नाहीत, असे अर्जाच्या तारखेसह त्यातच नमूद करावे.